आइका तं खरं

चुडावा, जि. परभणी
९ मार्च १९८२

चि. रंगनाथ यास,
सुलाआक्काचे अनेक आ. व जयभीम. वि. वि. इकडील सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पुढचं वाचून तूच ठरव.

परवा निकाल लागला. सगळे सुटले. इतकी वर्षं तुझे दाजी रेल्वेतली रजा मोडून आबाला तारखेला घेऊन जायचे, मी भाकरी बांधून द्यायचे, आणि शेवटी जज्जसाहेबांनी वाचलं ते इंग्रजीत. वकिलानं बाहेर येऊन मराठीत सांगितलं तेव्हा आबा नुसती मान हलवत राहिले. दाजींनी रागानं चपला तिथंच सोडल्या आणि अनवाणी घरी आले. आता नवीन घ्याव्या लागतील.

तू अठ्ठ्याहत्तरच्या त्या दिवसांत औरंगाबादेला कॉलेजात, मोर्चात होतास. तुला जे कळलं ते माझ्याकडून. कोर्टात काय झालं तेही माझ्याकडूनच कळू दे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं मुंबईत ठरलं आणि त्याचा राग निघाला निंबोळवाडीतल्या आपल्या कुडाच्या घरांवर. भर दुपारी लोक चालून आले. माय तापानं फणफणलेली, आत बाजेवर. आबा दारात उभे राहिले, पटका काढून काखेत मारला, सुटलेला बैल थोपवतात तसे दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, आइका तं खरं, माझी धुरपता आत हाय. तरी घर पेटवलं, माय आतच गेली. सगळी केस ह्या एका वाक्यावर होती. आत माणूस आहे हे ऐकूनही पेटवलं असं ठरलं असतं तर गुन्हा निराळा होता. ऐकलं नाही, तर नुसती जाळपोळ, आणि ती कुणी केली हे तरी कुठं सिद्ध होतंय.

आपली भिस्त व्यंकटरावांवर होती. आबानं त्यांच्याकडं जन्मभर सालगडी म्हणून राबून काढलं, आणि त्या दुपारी ते हातभर अंतरावर उभे होते. हात त्यांनी लावला नाही कशाला, हे आबाही सांगतात. कोर्टात ते म्हणाले, चंद्रभानानं आइका तं खरं म्हटलेलं आमी ऐकलं, फुडलं काय ऐकू आलं न्हाई, गलका लय होता. खाली मान घालून म्हणाले, एवढंच.

घरी आल्यावर आबानं पाणी मागितलं आणि म्हणाले, पोरी, अर्धंच ऐकलं बघ समद्यांनी. कुनाला फासावर चढवायची मला हौस न्हाई, पर येक डाव माझं समदं बोलनं चार मान्सांनी ऐकाय पायजे. मग मी मराया मोकळा.

तुझी गोदामातली कारकुनी कशी चाललीय? नाटकाच्या तालमीपायी जेवण चुकवू नकोस. कारळाची चटणी दाजींच्या ओळखीच्या गार्डाबरोबर पाठवली आहे, पोहोचल्याचं कळव. माझा लोभ तुझ्यावर आहेच, तुझा इकडं वळता राहू दे.

तुझी,
सुलाआक्का

*

मुंबई
२४ मार्च १९८२

ती. आक्कास,
रंगनाथचा सा. न. व जयभीम. वि. वि. चटणी पोहोचली, निम्मी गार्डानंच खाल्ली असावी.

तुझं पत्र गोदामात वाचलं आणि मग मला मिरचीची पोती मोजता येईनात. साहेबांना वाटलं मिरचीनं डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी अर्धा दिवस सुटी दिली. सरकार किती दयाळू आहे बघ.

आबाला सांग, त्यांचं वाक्य मी ऐकवीन. नाटकात नाही, नाटक दोनशे माणसं बघतात आणि त्यातली निम्मी स्पर्धेतली असतात. मी सिनेमा काढीन. हसू नकोस. ज्याला म्हैस बघून चिंचेवर चढून बसायची सवय होती तो सिनेमा काढणार, असं तू दाजींना सांगशील, ठाऊक आहे. तरी सांग. मोठ्या पडद्यावर, एवढाल्या तोंडानं, आबाचं अख्खं वाक्य. कोर्टानं कान बंद केले तर लोकांचे कान आहेत. तेवढ्यासाठी आबाला जपा.

दाजींना जयभीम, आबाच्या पायावर डोकं. पत्राला उशीर करत जाऊ नकोस.

तुझा,
रंगनाथ

*

मुंबई
११ ऑगस्ट १९८६

ती. सौ. आक्कास,
सप्रेम नमस्कार.

हात धुऊन पत्र धर, पेढ्याचं पत्र आहे. मी टीव्हीवर येतोय! मालिकेचं नाव ‘साहेब जेवायला गेलेत’. एक सरकारी कचेरी, तिथले साहेब कधीच जागेवर नसतात. मी तिथला शिपाई, ग्यानबा. आठवड्यातून एकदा दिसणार.

निवडलं कसं ते ऐक. निर्मात्यांनी सांगितलं, खेडवळ ढंगात काहीतरी बोलून दाखव. माझं डोकं कोरं. कधी टॉवेल काखेत गेला, कधी हात पुढं झाले, मला कळलं नाही, आणि तोंडातून निघालं, आइका तं खरं! पुढं काही बोलणार तोच सगळे खो खो हसायला लागले, कॅमेरावालासुद्धा. निर्माते म्हणाले, बस्स, पुढचं बोलूच नकोस, हेच आपलं. आता प्रत्येक भागात ग्यानबाला काहीतरी महत्त्वाचं सांगायचं असतं, तो आइका तं खरं म्हणतो, आणि कुणी ना कुणी त्याला मध्येच तोडतं. त्याचं वाक्य कधी पुरं होतच नाही. लोकांना हे लय आवडणार असं सगळे म्हणतात.

नाव रंगनाथ परभणीकर लावायचं ठरलं आहे. खंदारे पडद्यावर बरं दिसत नाही असं त्यांचं म्हणणं. जिल्ह्याचं नाव झालं, त्यात वाईट काय? गोदामाची नोकरी सोडली. रागावू नकोस. ह्यातून माझं नाव होईल, नाव झालं की माणसं उभी राहतील, मग आपला सिनेमा. मी विसरलेलो नाही.

आबाला नक्की दाखव. आणि पुढं पत्रातून कळव कोण किती हसलं. सर्वांचं प्रेम माझ्यावर आहे तसंच राहो.

आपला,
रंगनाथ

*

चुडावा
१९ ऑक्टोबर १९८६

चि. रंगनाथ यास,
अनेक आ. व जयभीम. तुझ्या पत्रातून जयभीम गळून पडला होता, सापडला म्हणून परत पाठवते. सांभाळून ठेव. ‘आपला’ रंगनाथ म्हणून सही केलीस, आम्ही काय बँकेचे मॅनेजर आहोत?

पाहिलं. स्टेशनमास्तरांच्या क्वार्टरसमोर अंगणात टीव्ही मांडतात, अख्खा चुडावा गोळा होतो. पडद्यावर तू कमी आणि मुंग्या जास्त दिसतात, पण आवाज खणखणीत येतो. कोण किती हसलं ते विचारलंस. सगळे हसले. मास्तरांची आई हसून हसून खोकायला लागली, तिला पाणी द्यावं लागलं.

मी नाही हसले. तू टॉवेल काखेत मारलास तेव्हाच मी ओळखलं. हात पुढं केलेस तेव्हा मी आबाकडं बघितलं. मला वाटलं होतं, उठून जातील. रंगनाथ, ते हसत होते. सगळ्यांकडं बघत, तोंड भरून. शेजारच्या दत्तराव गँगमनला कोपरानं ढोसून म्हणाले, माझा लेक हाय, माझीच नक्कल करायलाय बघा, बापाचं नाव काढलं पोरानं. बापाला अभिमान वाटतोय आणि लेकीला घाम फुटलाय.

एवढं एकच विचारते. आबाचं एवढं बोलणं चालणं होतं. बैलाला शिव्या घालायची त्यांची तऱ्हा होती, भाकरी मोडायची तऱ्हा होती, तू लहान असताना तीही करून दाखवायचास. मग नेमकं हेच का उचललंस? आणि उचललंस ते उचललंस, पुढचं तोडून टाकलंस. अर्धं कोर्टानं ऐकलं होतं, तेवढंच तूही ऐकवतोयस.

लग्नाचं काय ठरवलंस? पूर्णेकडचं एक स्थळ आहे, मुलगी डी.एड. आहे आणि तिला हसायला फार येत नाही, म्हणजे तुला बरी. राग मानू नकोस. आक्का बोलते, पण तोडत नाही.

तुझी,
सुलाआक्का

*

मुंबई
७ नोव्हेंबर १९८६

ती. आक्कास,
सा. न. व जयभीम (सांभाळून ठेवला होता).

तुझं पत्र मिळालं. नेमकं तेच का उचललं, ते सांगतो. मी ते कधी पाहिलेलंच नाही, आक्का. तू सांगितलंस तेवढंच. रोज मनात ते आबा दारात उभे राहायचे, रोज मी बघायचो, म्हणून ते हाताशी होतं. दुसरं काही हाताशी नव्हतं.

पण तू म्हणतेस तसं ते तोडलेलं नाही, राखून ठेवलंय. लोकांना सवय लागू दे. ग्यानबाचं वाक्य पुरं का होत नाही, पुढं त्याला काय म्हणायचं असेल, अशी एकदा ओढ लागली की मी सिनेमात ते पुरं करीन. तेव्हा बघ कसे कान टवकारतील. हे मी ठरवून करतोय.

आबा हसले हे वाचून बरं वाटलं. त्यांना नवा पटका पाठवला आहे. माझ्यावर लोभ ठेव आणि थोडा विश्वासही.

तुझा,
रंगनाथ

*

चुडावा
२ जून १९८९

चि. रंगनाथ यास,
अनेक आ. व जयभीम. वि. वि. कडक ऊन आहे, आबाचा दमा वाढलाय, बाकी ठीक. तुझं ते फोटोचं कॅलेंडर मिळालं. दाजींनी स्वयंपाकघरात लावलं. मी तोंड भिंतीकडं करून ठेवते.

हे पत्र लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण तुला कळलं पाहिजे. तुझे आबा आता ग्यानबा झालेत. पोरं त्यांच्या मागं मागं आइका तं खरं करत फिरतात. एस.टी.त कंडक्टर तिकीट देताना म्हणतो. परवा रेशनचा दुकानदार साखर संपली म्हणाला, आबा बोलायला गेले की माझं कार्ड आत राहिलंय, आइका तं खरं एवढंच निघालं, आणि रांगेतले सगळे हसले. कार्ड दुसऱ्या दिवशी मी जाऊन आणलं.

ताडकळसच्या बाजारात तर कहर झाला. भज्याच्या हॉटेलवाल्यानं त्यांना ओळखलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, आजा, येक डाव म्हना की. लोक जमले. आबानं पटका काढला, काखेत मारला, हात पुढं केले आणि म्हणाले. टाळ्या पडल्या. आणखी एक चहा आला. मी बांगड्यांच्या पालातून हे पाहत होते. त्या गर्दीच्या कडेला व्यंकटराव उभे होते. आबानं त्यांना पाहिलं, तसे हात खाली आले. व्यंकटराव भज्यांचा पुडा तिथंच ठेवून निघून गेले.

घरी मी आबाला लय बोलले. म्हटलं, कशाला म्हणून दाखवता, ते काय तमाशाचं आहे का? ते म्हणाले, न्हाई म्हनलं असतं तं रंगनाथाची इज्जत गेली असती, लोक म्हनले असते बाप अकडू हाय. तुझ्या इज्जतीसाठी, रंगनाथ.

तुझं नाव झालं. आता कशाची वाट बघतोस? आबा आहेत तोवर सिनेमाचं काय लिहायचं ते लिही.

तुझी,
सुलाआक्का

*

मुंबई
२० जून १९८९

ती. आक्कास,
सा. न. व जयभीम.

काल मालिका सोडली. निर्मात्यांनी वेड्यात काढलं, दुसरा ग्यानबा शोधतो म्हणाले. शोधू देत.

सिनेमाचं लिहून तयार आहे, नाव ‘भर दुपार’. निंबोळवाडीत तर कुणी चित्रण करू देणार नाही, पुण्याकडं एका गावाबाहेर कुडाची वस्ती उभी करायची आहे. आबाच्या कामासाठी रंगभूमीवरचा एक वयस्क नट ठरवलाय, नाव सांगत नाही, फार जड माणूस आहे, तो नुसता उभा राहिला तरी लोक गप्प होतात. मी पडद्यावर येणारच नाही, मागं राहीन. आबाला आधी विचार, त्यांचा होकार आल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. बाजारातलं वाचल्यापासून मला चहा गोड लागत नाही.

तुझा,
रंगनाथ

*

चुडावा
५ जुलै १९८९

चि. रंगनाथ यास,
अनेक आ. व जयभीम.

आबाला पत्र वाचून दाखवलं. नटाचं ऐकून ते उठून बसले. म्हणाले, दुसऱ्याच्या तोंडात माझ्या धुरपताचं नाव? ते कोन लागतो तिचा? लेक असताना परक्यानं बोलावं म्हंजी मी निपुत्रिक हाय का? आपल्यात असं न्हाई. बोलंल तं रंगनाथच बोलंल, न्हाई तं ते बोलनं ऱ्हाऊ द्या तसंच.

मी त्यांना दुसरं सांगायला गेले नाही, कारण मलाही तेच वाटतं. तुझ्या तोंडून अर्धं गेलंय, तुझ्याच तोंडून पुरं झालं पाहिजे. परका कितीही जड असला तरी ते फेडायला त्याचा काय संबंध? तेव्हा त्या गृहस्थांना नमस्कार सांग आणि पटका तू बांध. आबा चित्रणाला येणार म्हणतात, दमा असला तरी. दाजी घेऊन येतील. त्यांना गार पाणी देऊ नकोस.

आज घरात बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं बोलणं झालं. पोखर्णीहून स्थळ घेऊन आलेल्या तुझ्या मावससासऱ्यांना, म्हणजे अजून न झालेल्या, आबानं सगळी गोष्ट सांगितली, अगदी शेवटपर्यंत. त्यांनी ऐकून घेतली. असाच लोभ वाढव, आणि काम नीट कर.

तुझी,
सुलाआक्का

*

मुंबई
१६ मार्च १९९१

ती. आक्कास,
सा. न. व जयभीम.

सिनेमा लागला. आबा चित्रणाच्या वेळी दहा दहा वेळा माझे हात धरून सरळ करायचे, असं न्हाई, तळवे फुडं, बोटं सैल, मारायला न्हाई थोपवायला, असं सांगायचे. ते वाक्य मी म्हटलं तेव्हा सगळ्या युनिटनं माना खाली घातल्या होत्या, दाजी साक्षीला आहेत. म्हणून सांगतो, काम वाईट झालेलं नाही.

पण इथं लोक हसले, आक्का. माझं तोंड दिसलं की हसतात. एका पेपरवाल्यानं लिहिलं की परभणीकरांनी गंभीर होण्याचा विनोद बरा साधला आहे. थिएटरात दुसऱ्या आठवड्याला दुसरा सिनेमा लागला.

मी मनाला लावून घेत नाही. मुंबईची माणसं, त्यांना काय माहीत त्या दुपारचं. आपल्या मुलखातली माणसं हसणार नाहीत. ताडकळसच्या तंबूवाल्याला प्रिंट पाठवली आहे, बाजारच्या दिवशी दाखवील. आबाला घेऊन जा. ज्यांनी ऐकायला पाहिजे ते सगळे तिथंच आहेत. मला लगेच कळव, मी पोस्टमनची वाट बघत बसतो.

तुझा,
रंगनाथ

*

चुडावा
१० एप्रिल १९९१

चि. रंगनाथ यास,
अनेक आ. व जयभीम.

लगेच कळव म्हणाला होतास. मला जमलं नाही.

तंबू गच्च भरला होता. निंबोळवाडीहून बैलगाड्या आल्या होत्या, आपल्या वस्तीतलेही होते. तंबूवाल्यानं आबाला ओळखून खुर्ची दिली, मी पायाशी बसले. आबानं तू पाठवलेला पटका पहिल्यांदा बांधला होता. तू दिसलास तशी पोरं ओरडली, ग्यानबा आला! मला वाटलं, होतील गप्प. ती बाई माय होऊन बाजेवर कण्हत होती तेव्हा खरंच गप्प झाले. मी आबाचा हात धरला.

मग ते लोक चालून आले. तू दारात आलास आणि पटका काखेत मारलास. एवढ्यावरच हशा सुरू झाला. हात पुढं केलेस तशा शिट्ट्या. आणि आइका तं खरं तू एकट्यानं म्हटलंच नाहीस, अख्खा तंबू तुझ्याबरोबर म्हणाला आणि हसला. पुढचं तू बोललास. तुझे ओठ हलताना मी पाहिले. ऐकू काही आलं नाही. पडद्यावर घर पेटलं तरी मागं हसणं चालूच होतं. आपली माणसंही हसली, रंगनाथ. तानुबाई, जिचं घर आपल्या घराबरोबर जळलं, ती पदर तोंडाला लावून हसत होती. दुष्टपणानं नाही. तुला एवढा मोठा बघून तिला आनंद झाला होता.

पुढच्या रांगेत व्यंकटराव होते. फक्त ते हसले नाहीत. त्यांनी मान वळवून आबाकडं बघितलं आणि लगेच समोर बघितलं. सगळ्या तंबूत आबाचं पुढचं वाक्य त्यांनाच पाठ असणार.

येताना आबानं विचारलं, पोरी, माझं फुडलं ऐकू आलं का समद्यांना? मी म्हटलं, आलं आबा, चांगलं आलं. ते म्हणाले, मला न्हाई आलं.

आता ते वाक्य ते म्हणत नाहीत. कुणाला हाक मारायची झाली तर काठी आपटतात. तुझ्यावर राग नाही त्यांचा. माझाही आहे की नाही ते मला सांगता येत नाही.

तुझी,
सुलाआक्का

*

मुंबई
३० ऑगस्ट १९९३

ती. आक्कास,
सा. न. व जयभीम.

किती तरी महिन्यांनी लिहितोय. तुझी तीन पत्रं उत्तरावाचून पडली आहेत. ‘भर दुपार’च्या प्रिंटा परत आल्या, त्या ठेवायला जागा नाही म्हणून खाटेखाली लोटल्या आहेत. मी त्यांच्यावर झोपतो.

एकदा बोलूनच टाकतो. मी तो जड नट ठरवला होता. त्याला बघून कुणी हसलं नसतं. पटका तू बांध असं तू लिहिलंस. लेकानंच बोललं पाहिजे, परक्याच्या तोंडी नाव नको, हे तुमचं. मी धंद्यातला माणूस, मला कळायला पाहिजे होतं, पण तुम्ही दोघांनी अडवलंत. हे लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

दुसरी बातमी तू रस्त्यावर ऐकण्याआधी मीच सांगतो. ‘साहेब पुन्हा जेवायला गेलेत’ दिवाळीपासून सुरू होतंय. ग्यानबा मीच. नवा ग्यानबा लोकांना चालला नाही. दुसरं काम मला कुणी देत नाही आक्का, आणि दिलं तरी लोक हसतात. मग हसायच्या जागीच उभं राहिलेलं बरं. ते वाक्य काढा म्हणून मी निर्मात्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, मग तुझ्यात राहतं काय?

आबाला सांगू नकोस. टीव्ही बिघडलाय म्हण. माझी माया पातळ झाली असेल तर तुझी थोडी जास्त घाल.

तुझा,
रंगनाथ

*

चुडावा
१९ जानेवारी १९९४

रंगनाथ यास,
जयभीम.

आबा गेले. संक्रांतीला, शुक्रवारी. तार मुद्दाम केली नाही. दाजी करा म्हणत होते, मीच नको म्हटलं. का ते सांगते.

त्या दिवशी दुपारी रेडिओवर आलं की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. मागं पुढं काहीतरी जोडून का होईना, पण लागलं. सगळी वस्ती रस्त्यावर आली. नीळ उधळली. तानुबाई, लक्ष्मीबाई आणि आणखी चारजणी आमच्या अंगणात शिरा करत होत्या, मी गूळ फोडत होते. ज्या नावापायी माय गेली ते नाव लागलं, म्हणून सगळ्या हसतही होत्या आणि रडतही होत्या. आबा उन्हाला बाजेवर पडून होते. दम्यानं छाती भरून आली होती, तरी दाजींनी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले.

थोड्या वेळानं ते बाजेवर उठून बसले. पटका डोक्यावर नव्हताच, उशाचा टॉवेल त्यांनी काखेत धरला. दोन्ही हात आमच्याकडं पुढं केले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, आइका तं खरं.

तंबूतल्या त्या दिवसापासून त्यांनी हे उच्चारलं नव्हतं. अंगणातल्या बायका हसल्या. मायेनंच हसल्या, म्हाताऱ्याला आज हुरूप आला म्हणून. आणि मीही हसले. मी, सुला, त्यांची लेक. मनात काही नव्हतं. हातात गूळ होता, कानावर ते पडलं आणि तोंड आपोआप उघडलं. तू इतकी वर्षं आम्हाला त्याचीच सवय लावलीस.

हसतच मी जवळ गेले. त्यांचे ओठ हलत होते. काय आबा, काय म्हणता, असं विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. ते हसू अजून माझ्या तोंडावरच होतं, मला पुसता आलं नाही. त्यांनी हात खाली घेतले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. दिवेलागणीला दाजींनी हाक मारली तेव्हा ते गेलेले होते. पुढं काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. मायचं होतं, नावाचं होतं, की छातीत दुखतंय एवढंच होतं, कुणास ठाऊक.

माती दिली तेव्हा व्यंकटराव आले होते. लांब उभे राहिले. जाताना माझ्यापुढं थांबले आणि म्हणाले, बाई, त्या दुपारी मला ऐकू आलं होतं. मी म्हटलं, आता मला सांगून काय उपयोग? तुम्ही तरी आबाला सांगायचं होतं. ते निघून गेले.

तुझ्या पत्राचं उत्तर राहिलं होतं. हो, पटका तू बांध असं मीच लिहिलं. ती चूक माझी आणि आबाची. तुझी तू बघ.

आणि म्हणून तार केली नाही. तू आला असतास आणि माणसं तुझ्याकडं बघून हसली असती, बापाच्या मातीत. येत्या आठवड्यात जलदानविधी आहे. त्यालाही येऊ नकोस. तू दारात दिसलास की लोक हसतील, आणि त्यांच्यात मीही असेन. माझा आता माझ्या तोंडावर भरवसा नाही.

लोभ असू द्यावा असं शेवटी लिहायची रीत आहे. लोभ आहे, तो कुठं जाणार. पण येऊ नकोस.

तुझी,
सुलाआक्का